प्रसूती-भूलशास्त्रातील फेलोशिप: जागा कशी निवडावी, वर्ष कसे वापरावे

एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) सिझेरियनसाठी दिलेल्या स्पायनलची (कमरेत एकदा सुई टोचून दिलेल्या भुलीची) संख्या बहुतेक वेळा इतर कोणत्याही नोंदीपेक्षा मोठी असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळ्या केलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच प्रसूती-भूलशास्त्रात फेलोशिपचे, म्हणजे पदवीनंतरच्या विशेष प्रशिक्षणाचे, आणखी एक वर्ष घालवायचे आहे असे म्हटले की विभागातले ज्येष्ठ विचारतात, ‘सिझर तर रोजच करतोस, त्यात नवे काय शिकणार?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर स्वतःला नीट देता आल्याशिवाय अर्ज भरू नये.

उत्तर असे आहे की आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात भूलतज्ज्ञाची आणि गर्भवतीची पहिली भेट बहुधा ऑपरेशन टेबलावरच होते. कळा सुरू असलेल्या स्त्रीला आठ-दहा तास वेदनामुक्त ठेवणे, चालू असलेला एपिड्युरल (पाठीत ठेवलेल्या बारीक नळीतून दिली जाणारी भूल) नीट काम करत नाही हे वेळेत ओळखणे, हृदयविकार असलेल्या गर्भवतीच्या बाळंतपणाचा बेत सातव्या महिन्यातच आखणे आणि रक्तस्राव हाताबाहेर जाण्याआधी रक्तपेढीला फोन करणे, या गोष्टी त्या टेबलावर शिकायला मिळत नाहीत. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2018-20 च्या आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात 97, तर महाराष्ट्रात 33 होते. हे प्रमाण आणखी खाली आणायचे असेल तर अतिरक्तस्राव, गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब, जंतुसंसर्ग आणि हृदयविकार यांच्याशी गाठ आहे, आणि या चारही ठिकाणी भूलतज्ज्ञ वेळेवर प्रसूतिकक्षात पोहोचला की नाही यावर बरेच काही ठरते.

आधी स्वतःची उणीव मोजावी

अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने आपले लॉगबुक समोर घेऊन काही नोंदी वेगळ्या काढाव्यात. प्रसूतिवेदनांसाठी एपिड्युरल किती दिले आणि त्यांपैकी किती शेवटपर्यंत स्वतः सांभाळले? चालू एपिड्युरलमधूनच तातडीच्या सिझेरियनसाठी भूल किती वेळा वाढवली? गर्भवतीला पूर्ण भूल देण्याची वेळ किती वेळा आली? झडपेचा विकार, गंभीर प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा गुंतागुंतीचा विकार), गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली वार अशा रुग्णांच्या नियोजनात आरंभापासून सहभाग होता का? बहुतेकांच्या बाबतीत स्पायनल हजारांच्या घरात आणि प्रसूतिवेदनांसाठीचे एपिड्युरल दोन आकडीच, असे चित्र दिसते. ही दरी भरणारी जागा शोधायची आहे. जिथे पुन्हा सिझेरियनच्या यादीवर माणूस कमी पडतो म्हणून फेलो नेमला जातो, ती फेलोशिप म्हणजे कमी पगाराची सिनिअर रेसिडेन्सी होय.

ज्याला पुढे खासगी बहुविध रुग्णालयात सर्वच प्रकारची भूल द्यायची आहे, त्याला पूर्ण वर्षाऐवजी एखाद्या मोठ्या प्रसूतिगृहात तीन-चार महिने निरीक्षक किंवा सहायक म्हणून काढणेही पुरेसे ठरू शकते. हे स्पष्टपणे सांगणारे थोडे असतात, म्हणून येथे सांगून ठेवतो.

मार्ग कोणते

भारतात हृदय-भूलशास्त्र किंवा मेंदू-भूलशास्त्रासाठी डीएम या अतिविशेष पदवीची वाट रुळली आहे, तर प्रसूती-भूलशास्त्रासाठी प्रामुख्याने फेलोशिपचाच विचार करावा लागतो. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयासारख्या, केवळ स्त्रिया आणि नवजात बालकांसाठी चालणाऱ्या मोठ्या संस्थेत असे प्रशिक्षण देण्याची परंपरा आहे, आणि प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या ‘असोसिएशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्स’ या भारतीय संघटनेच्या परिषदा हे अशा संस्थांतील प्रशिक्षकांना प्रत्यक्ष भेटण्याचे सर्वांत सोपे ठिकाण आहे. महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न संस्थांमार्फत विविध फेलोशिप अभ्यासक्रम चालवते, त्यामुळे त्या वर्षीच्या यादीत हा विषय आणि आपल्याला हवी ती संस्था आहे का, हे विद्यापीठाच्या अधिसूचनेतच पाहावे. प्रमाणपत्र विद्यापीठाचे मिळणार, संघटनेचे की केवळ रुग्णालयाचे, हे लेखी विचारून घ्यावे, आणि त्याची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद होईल का याची चौकशी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आधीच करावी. वर्ष संपल्यावर केलेली चौकशी मनस्तापाशिवाय काही देत नाही.

ब्रिटनमध्ये ‘मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ ही योजना भारतीय डॉक्टरांसाठी सर्वांत व्यवहार्य ठरते. या योजनेत जास्तीत जास्त 24 महिने राहता येते आणि नंतर मायदेशी परतणे अपेक्षित असते. रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने पुरस्कृत केल्यास परदेशी डॉक्टरांसाठीची प्लॅब परीक्षा न देता जनरल मेडिकल कौन्सिल या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी मिळू शकते. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सरासरी 7.5 आणि प्रत्येक विभागात किमान 7, किंवा ओईटी या वैद्यकीय इंग्रजीच्या परीक्षेच्या प्रत्येक विभागात ‘बी’ श्रेणी लागते. मात्र या योजनेतली सर्वसाधारण भूलतज्ज्ञाची जागा आणि प्रसूती विभागाची फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियुक्तिपत्रात आठवड्यातील किती सत्रे प्रसूतिकक्षात असतील याचा उल्लेख नसेल, तर तो करून घ्यावा.

अमेरिकेत ही फेलोशिप बारा महिन्यांची असते आणि 2012 पासून तिला एसीजीएमई या पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण तपासणाऱ्या संस्थेची मान्यता मिळू लागली. त्यासाठी सर्वसाधारणपणे तिथलीच भूलशास्त्राची रेसिडेन्सी पूर्ण केलेली असावी लागते. भारतात एमडी झालेल्या उमेदवारासाठी अपवादाचा दरवाजा आहे, पण तो अरुंद आहे: यूएसएमएलई या परवाना परीक्षेचे टप्पे आणि परदेशी वैद्यकीय पदव्या पडताळणाऱ्या ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र तर हवेच, शिवाय प्रशिक्षण-संचालकाने उमेदवाराला असामान्य पात्रतेचा म्हणून स्वीकारावे लागते. जे-1 या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर गेल्यास प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वेदनाशास्त्र किंवा बाल-भूलशास्त्राप्रमाणे प्रसूती-भूलशास्त्राची स्वतंत्र बोर्ड परीक्षा अमेरिकेत नाही, त्यामुळे या वर्षाचे मोल तिथेही कौशल्य आणि शिफारशींवरच ठरते.

कॅनडात, विशेषतः टोरंटोच्या माउंट सायनाय रुग्णालयासारख्या ठिकाणी, परदेशी भूलतज्ज्ञांना क्लिनिकल फेलो म्हणून घेतले जाते. तेथे विद्यापीठाकडून नियुक्ती, प्रांताच्या परिषदेचा प्रशिक्षणापुरता परवाना आणि वर्क परमिट असा क्रम असतो. या वर्षामुळे तिथे स्वतंत्र व्यवसाय करण्याचा हक्क मिळत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेले बरे.

जागा पारखताना विचारायचे प्रश्न

संस्थेच्या माहितीपत्रकात वर्षाला होणाऱ्या प्रसूतींचा आकडा ठळक असतो. तो महत्त्वाचा आहे, पण त्यावरून शिकण्याची संधी कळत नाही. दहा हजार प्रसूती होणाऱ्या रुग्णालयात वेदनामुक्त प्रसूती नाममात्र असू शकते, आणि चार हजार प्रसूतींच्या ठिकाणी निम्म्याहून अधिक स्त्रिया एपिड्युरल घेत असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: रात्री दोन वाजता एखादीने एपिड्युरल मागितला तर तो कोण देते, किती वेळात देते आणि त्या वेळी वरिष्ठ कुठे असतात? प्रसूतिकक्षासाठी चोवीस तास स्वतंत्र भूलतज्ज्ञ असेल तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप चांगल्या निघतात. नसेल, तर फेलो मुख्य ऑपरेशन थिएटर आणि प्रसूतिकक्ष यांच्यामध्ये धावत राहतो आणि शिकणे मागे पडते.

दुसरा प्रश्न नोंदींचा. सिझेरियनमध्ये पूर्ण भूल देण्याचे प्रमाण किती, एपिड्युरल देताना चुकून ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचे आवरण) भेदला जाण्याचे प्रमाण किती, एपिड्युरल असतानाही सिझेरियनला दुसरी भूल द्यावी लागण्याचे प्रमाण किती, हे विचारल्यावर आकडे लगेच पुढे आले तर तो विभाग स्वतःकडे डोळसपणे पाहतो असे समजावे. ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे उत्तर मिळाले तर सावध व्हावे. ड्युरा चुकून भेदला जाणे हे शंभर एपिड्युरलांमागे एखाद्या वेळी चांगल्या हातांकडूनही घडते. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर ऑब्स्टेट्रिक अ‍ॅनेस्थेशिया अँड पेरिनेटॉलॉजी’ ही 1968 साली स्थापन झालेली संस्था 2018 पासून उत्कृष्टता केंद्रांना मान्यता देते. तिचे निकष जाहीर आहेत, आणि भारतातली जागा पारखतानाही ते प्रश्नावलीसारखे वापरता येतात.

त्यापुढचे प्रश्न थोडक्यात. उच्च जोखमीच्या गर्भवतींसाठी भूलतज्ज्ञांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे का? मातांसाठी अतिदक्षता किंवा हाय डिपेंडन्सी कक्ष आहे का आणि त्यात फेलोची पाळी असते का? विद्यावेतन कोण देते आणि बॉण्ड आहे का? यांची उत्तरे विभागप्रमुखांकडून घ्यावीतच, पण खरी उत्तरे मागच्या दोन वर्षांतल्या फेलोंकडून मिळतात. शक्य असल्यास आठवडाभर तिथे राहून यावे, आणि त्यात एक रात्र नक्की असावी.

अर्ज आणि मुलाखत

परदेशी जागांसाठी नियोजन किमान दीड ते दोन वर्षे आधी सुरू करावे, कारण परीक्षा, नोंदणी, पदव्यांची पडताळणी आणि व्हिसा ही साखळी एकामागून एकच पुढे सरकते. शिफारसपत्रांपैकी एक तरी स्त्रीरोगतज्ज्ञाचे असावे असे मला वाटते. प्रसूतिकक्षात हा माणूस कसा वागतो, हाक मारल्यावर येतो का, भांडण न करता ‘थांबा’ म्हणू शकतो का, हे भूलशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते. प्रबंध प्रसूतीशी संबंधित नसेल तर एखादा साधा ऑडिट करून ठेवावा. उदाहरणार्थ, स्पायनलनंतर रक्तदाब घसरण्याचे प्रमाण आपल्या विभागात किती आहे आणि रक्तदाब टिकवणाऱ्या फेनिलेफ्रिनचे इन्फ्युजन (शिरेतून संथ, सतत देणे) आधीपासून सुरू केल्यावर ते किती बदलते, एवढा प्रश्नही सहा महिन्यांच्या नोंदींतून प्रामाणिकपणे सोडवला तर मुलाखतीत बोलायला भरपूर काही मिळते. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक अ‍ॅनेस्थेशिया’ आणि भारतीय संघटनेचे ‘जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक अ‍ॅनेस्थेशिया अँड क्रिटिकल केअर’ ही दोन नियतकालिके मुलाखतीपूर्वी वर्षभर नियमित वाचावीत.

ते एक वर्ष

पहिले तीन महिने हात बसवण्याचे असतात. कम्बाइन्ड स्पायनल-एपिड्युरल आणि ड्युरल पंक्चर एपिड्युरल या एपिड्युरलच्या दोन पद्धती, ठरावीक अंतराने आपोआप बोलस (एकदम दिलेला डोस) देणारे पंप, स्थूल स्त्रीच्या पाठीवर अल्ट्रासाउंड लावून मधली रेषा आणि खोली आधी ठरवणे, हे सारे या काळात अंगवळणी पडावे. परंतु सुई बरोबर जागी जाणे हा एपिड्युरलचा आरंभ आहे. 0.1 टक्का किंवा त्याहूनही पातळ बुपिव्हॅकेन (बधिर करणारे औषध) आणि मिलिलिटरला 2 मायक्रोग्रॅम फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) अशा मिश्रणावर स्त्री पाय हलवू शकते, कुशीवर वळू शकते आणि वेळ आल्यावर जोर लावू शकते. ती एका बाजूने कळवळत असेल, पुन्हापुन्हा जादा बोलस मागत असेल, तर तो कॅथेटर (एपिड्युरलची नळी) तातडीच्या सिझेरियनच्या वेळी दगा देणार हे गृहीत धरून दिवसाउजेडीच तो बदलावा. फेलो आणि रेसिडेंट यांच्यातला फरक मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. रेसिडेंट चालू असलेल्या एपिड्युरलमध्ये औषध भरतो, फेलो तो एपिड्युरल तीन तासांनी वापरता येईल का याचा विचार करून निघतो. चांगला चालणारा कॅथेटर असेल तर 2 टक्के लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनॅलिन आणि बायकार्बोनेट मिळून 15 ते 20 मिली औषधात तातडीचे सिझेरियन पूर्ण भूल न देता होऊ शकते.

सिझेरियनच्या नेहमीच्या स्पायनलकडेही या वर्षात नव्या नजरेने पाहावे. 2018 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सिस्टोलिक रक्तदाब मूळ पातळीच्या 90 टक्क्यांच्या वर राखण्याचा प्रयत्न करावा आणि तो 80 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी रक्तदाब पडण्याची वाट न पाहता फेनिलेफ्रिन मिनिटाला 25 ते 50 मायक्रोग्रॅमने स्पायनलबरोबरच सुरू करावे. शस्त्रक्रियेआधी स्पर्शाची संवेदना टी-5 या छातीवरच्या पातळीपर्यंत नाहीशी झाली आहे का हे तपासून नोंदवावे. ‘थोडे ओढल्यासारखे वाटेल’ असे सांगून प्रत्यक्षात वेदना सोसायला लावणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि ती सोडायला शिकणे हेही प्रशिक्षणच आहे. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनचेही तसेच. दहा युनिट एकदम शिरेत ढकलण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. 2019 च्या सहमतीत नियोजित सिझेरियनसाठी एक युनिटचा बोलस आणि त्यानंतर तासाला 2.5 ते 7.5 युनिट इन्फ्युजन सुचवले आहे, तर कळांनंतरच्या सिझेरियनसाठी तीन युनिट किमान 30 सेकंदांत द्यावेत असे म्हटले आहे.

मधले सहा महिने आजारी मातांसाठी द्यावेत, आणि माझ्या मते फेलोशिपचा गाभा येथेच आहे. संधिवाताच्या तापाने झालेला मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणे) पाश्चात्त्य पुस्तकांत मागे पडला असला तरी आपल्याकडच्या प्रसूतिकक्षात तो अजूनही भेटतो. अशा स्त्रीला धोका कळांमध्ये असतो, पण बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून रक्त एकदम हृदयाकडे येते तो क्षण अधिक वाईट असतो. फुप्फुसात पाणी भरते ते बहुधा सगळे निवांत झाल्यासारखे वाटत असताना. वेदना, नाडीची गती आणि द्रवाचे प्रमाण यांवर लगाम ठेवणारा, हळूहळू वाढवलेला एपिड्युरल तिला सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि ते ठरवण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व नवजाततज्ज्ञ यांच्याबरोबर आधी बसावे लागते. गंभीर प्री-एक्लॅम्प्सियात प्लेटलेट किती असताना पाठीत सुई घालावी हा प्रश्न नेहमी येतो. 70 हजार आणि त्यावर, दुसरा रक्तदोष नसेल तर, बहुतेक तज्ज्ञ पुढे जातात, परंतु संख्या झपाट्याने घसरत असेल तर सकाळचा अहवाल संध्याकाळी वापरू नये.

रक्तस्रावाची तालीम फेलोने स्वतः उभी करावी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘वूमन’ चाचणीनंतर प्रसूतीपासून तीन तासांच्या आत एक ग्रॅम ट्रॅनेक्सामिक आम्ल (रक्ताची गुठळी टिकवणारे औषध) देणे सर्वमान्य झाले. रक्त गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन लिटरला 2 ग्रॅमच्या खाली जाणे हा धोक्याचा इशारा मानला जातो. गर्भाशय आवळणाऱ्या औषधांपैकी दमा असलेल्या स्त्रीला कार्बोप्रोस्ट आणि उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला मेथिलअर्गोमेट्रिन देऊ नये हे प्रत्येकाला पाठ असते, पण मध्यरात्री ट्रॉलीतून कोणती कुपी कोण काढतो हे कोणालाच ठरवून दिलेले नसते. वार रुतलेल्या रुग्णाच्या आदल्या दिवशी रक्तपेढी, मूत्रशल्यविशारद आणि अतिदक्षता विभाग यांना कोणी सांगायचे, हे फेलोच्या वहीत लिहिलेले असावे.

पूर्ण भूल आता क्वचित द्यावी लागते, त्यामुळे ती देण्याचा सरावही घटला आहे. गर्भवतींमध्ये श्वासनलिकेत नळी न जाण्याचे प्रमाण ब्रिटिश आढाव्यात सुमारे 390 मध्ये एक आढळले, आणि म्हणूनच अशा प्रसंगासाठीच्या ब्रिटनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना पाठ असून भागत नाही, दर महिन्याला पुतळ्यावर त्यांचा सराव करावा लागतो. त्याच सरावात मातेच्या हृदयक्रियेच्या थांबण्याचाही प्रसंग घ्यावा: गर्भाशय हाताने डावीकडे सारणे, आणि चार मिनिटांत प्रतिसाद नसेल तर जागेवरच गर्भाशय उघडून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढणे.

शेवटचे तीन महिने एखादा संशोधन-प्रश्न पूर्ण करण्यात आणि समुपदेशन शिकण्यात घालवावेत. ‘पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते’ आणि ‘कळा सोसल्याशिवाय बाळंतपण कसले’ ही दोन वाक्ये प्रत्येक प्रसूतिकक्षात ऐकू येतात, आणि दुसरे वाक्य बहुधा सासूबाईंचे असते. एपिड्युरलने कायमची कंबरदुखी होते याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही, परंतु हे कळा सुरू असताना समजावून सांगण्यात अर्थ नाही. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास, नवरा आणि सासू समोर असताना, सोप्या मराठीत, ड्युरा भेदला गेल्यास होणारी डोकेदुखी आणि तिच्यावरचा सुमारे 20 मिली स्वतःच्या रक्ताचा ब्लड पॅच (ते रक्त पाठीत सोडून छिद्र बुजवणे) यांसकट सांगावे. संमतिपत्रावरची सही त्यानंतर घ्यावी. नवजात बाळाची स्थिती मोजण्याची अपगार पद्धत 1953 साली प्रसिद्ध करणाऱ्या व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञच होत्या, हे बाह्यरुग्ण विभागात सांगितले की भूलतज्ज्ञ केवळ ‘सुई देणारा’ नसतो हे लोकांच्या चटकन लक्षात येते.

परतल्यावर

नव्या रुग्णालयात रुजू होताना एपिड्युरल सेवा लगेच चोवीस तासांची जाहीर करू नये. एकटा भूलतज्ज्ञ ती महिनाभर रेटतो आणि मग बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे पहिल्यापेक्षा अवघड जाते. आधी दिवसपाळीपुरती सुरू करावी, दोन सहकारी तयार करावेत, आणि पहिल्या आठवड्यात प्रसूतिकक्षातल्या सिस्टरांना बसवून रक्तदाब दर पाच मिनिटांनी केव्हा घ्यायचा, पाय जड झाल्यास कोणाला सांगायचे आणि पंपाचे कोणते बटण आपण दाबायचे नाही, एवढे एका पानावर लिहून भिंतीला लावावे. त्याच भिंतीजवळ, बधिर करणारे औषध चुकून रक्तात गेल्यास उतारा म्हणून, 20 टक्के लिपिड इमल्शनची बाटली आणि 70 किलोच्या व्यक्तीसाठी पहिल्या डोसाचे सुमारे 100 मिली हे प्रमाण ठेवावे, आणि बाटलीची मुदत दर महिन्याच्या 1 तारखेला कोण तपासणार त्याचे नाव खाली लिहावे.